ओ दिली नाही म्हणून

कोत्तनपुराच्या रेशमाच्या कोषबाजारात माईक माझ्या हातात असतो, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला येतात. बोली सुरू झाली, बोली संपली, अमक्या नंबरच्या मालाला तमका भाव, एवढंच मी बोलतो. पण मशीन बंद पडलं की तेही मीच सांगायचं. त्या वर्षी ते इतक्या वेळा सांगावं लागलं की मी नुसता घसा खाकरला तरी हॉलभर कपाळाला आठ्या पडायच्या. "आलं राजण्णाचं रडगाणं," असं लोक तोंडावर म्हणायचे. माझं काय चुकलं होतं? मी आपला बोलणारा.

मशीन म्हणजे आतल्या काचेच्या खोलीतला सर्व्हर. शेतकरी सकाळी कोष घेऊन येतो, जाळीच्या ट्रेमध्ये ओततो, ट्रेला नंबर मिळतो. मग रीलर लोक, म्हणजे कोष उकळून सूत काढणारे, ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घालतात, एखादा कोष कानाशी हलवून बघतात, चांगला असला तरी नाक मुरडतात आणि मोबाइलवर बोली लावतात. सगळ्या बोल्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये जाऊन पडतात. मी घंटा दिली की बोली बंद, आणि सगळ्यात वरचा भाव मी माईकवर पुकारतो. पडद्यावर आकडा दिसला तरी पुकारल्याशिवाय तो भाव कुणी धरत नाही, ही इथली जुनी रीत आहे.

घंटेच्या आधी सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला तर त्या फेरीच्या बोल्या गेल्या. परत फेरी घ्यायची. आणि परतच्या फेरीत भाव कधी वर चढत नाही, कारण शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलाय हे रीलरांना कळलेलं असतं. माल घरी नेऊन ठेवण्यातला नव्हे. कोषात पतंग तयार होत असतो. तो भोक पाडून बाहेर आला की सूत गेलं आणि महिनाभराची मेहनतही गेली.

या काचेच्या खोलीची मालकीण म्हणजे वनजाक्षी. मालकीण म्हणायचं आपलं, नोकरी कंत्राटी. अंगाने काटकी, केसांत जाईचा गजरा, आणि पायाला भिंगरी. मी तिला कधी नीट बसून खाताना पाहिलेलं नाही. ताटलीएवढी तट्टे इडली उभ्याने, कॉफी चालता चालता. तिचा नवरा बस चालवतो. तो म्हणतो, "मी दिवसभर म्हैसूर रोडवर गाडी चालवून जेवढा दमत नाही, तेवढा हिच्या शेजारी अर्धा तास बसून दमतो."

तिच्या माहेरीही रेशीम. लहानपणी तुतीच्या पाल्याचे भारे डोक्यावरून आणून शाळेत जायची. अळ्यांची शेड झाडत झाडत डिप्लोमा केला आणि बापाने जिथे कोष विकले त्याच बाजारात कॉम्प्युटरवर बसली. बसली म्हणजे उभी राहिली. तिचा बाप गेला तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांत अर्धे रीलर होते, आणि त्यातला एक मला हळूच म्हणाला, "माल चोख असायचा बुवाचा." आमच्याकडे यापेक्षा मोठी श्रद्धांजली नाही.

तर त्या उन्हाळ्यात सर्व्हर आपोआप बंद-चालू व्हायला लागला. तेही कसं, फेरी सुरू होताना नाही, मध्ये नाही, अगदी शेवटी. मी घंटेच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात पडदा काळा. हॉलमधून एकच गलका. मी माईकवर, "बंधूंनो, जरा थांबा..." आणि खालून, "तुझं जरा म्हणजे किती रे?"

वनजाक्षीने काय केलं नाही ते विचारा. मशीन तापत असेल म्हणून घरून टेबलफॅन आणून त्याच्या तोंडाशी लावला. कोषांचा कापसासारखा फुफाटा इथे हवेत उडत असतो, तो आत गेला असेल म्हणून मशीन उघडून ब्रशने झाडलं. वायर बदलली. वीज गेल्यावर मशीन तगवणाऱ्या बॅटऱ्या बदलल्या. आतल्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. एकदा मी खोलीत गेलो तर ही मशीनला कान लावून उभी.

मी म्हणालो, "काय गं, सूत किती निघेल?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला, राजण्णा. मला जेवण जात नाहीये."

"तुला एरवी तरी कुठे जातं?"

ती हसली नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. तिच्या फेऱ्या बघून मलाच गरगरायला लागलं आणि मी बाहेर आलो.

बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर आहे आणि तो चालवायला मादप्पा होता. खाकी शर्ट, पायात काही नाही, खांद्यावर टॉवेल. वीज गेली की जनरेटर सुरू करायचा आणि भिंतीवरचा मोठा दांडा खाली ओढायचा, की बाजार जनरेटरवर. वीज आली की दांडा वर. गडी बोलायला कमी. लहान मुलीलाही अक्का म्हणायचा. दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी जनरेटरला विभूतीचे पट्टे ओढून, झेंडूची माळ घालून, त्याच्यापुढे कोहळा फोडायचा. तेवढ्या दिवशी मात्र तो सगळ्यांवर ओरडायचा, कोहळ्याचा तुकडा कुणी ओलांडला तर.

एक दिवस फेरी संपत आली आणि वीज गेली. मादप्पाने जनरेटर चालू केला, दांडा ओढला, दिवे आले आणि सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला. चिक्कबोरय्याचा माल होता. पिवळाधमक, हात लावला तर वाजेल असा. पहिल्या फेरीत भाव चांगला चढला होता, परतच्या फेरीत तो पार खाली आला. चिक्कबोरय्या डोक्याला हात लावून ट्रेच्या कडेवर बसला. वनजाक्षी खोलीतून निघाली ती तडक शेडकडे. तिच्या मागे अर्धा बाजार, आणि मीही.

"मादप्पा, दांडा कसा ओढलात?"

"नेहमीसारखा, अक्का."

"नेहमीसारखा नाही. अर्ध्यात अडकला होता. झटका बसला मशीनला."

"नाही हो अक्का. सरळ ओढला."

"तुमचा हात थरथरतो, मादप्पा. मी स्वतः पाहिलंय. कॉफीचा ग्लास धरताना थरथरतो."

 मादप्पा उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिला. आता सगळा बाजार ज्याच्याकडे बघतोय असा कुठला हात थरथरणार नाही? तो थरथरला. लोकांना तेवढं पुरलं. जनरेटरच्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि त्याच्या जागी एक तरणा इलेक्ट्रिशियन आणला. हा कानात गाणी घालून जनरेटर चालवायचा.

आणि खरं सांगतो, सर्व्हर सुधारला. मादप्पा गेला आणि मशीन एकदाही पडलं नाही. पाऊसकाळ होता. ओल्या हवेत अळ्यांना रोग लागतो, माल कमी येतो, अर्धे रीलर फिरकत नाहीत, हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण दोन आणि दोन चार करायला कुणाला सवड होती? सगळ्यांनी म्हटलं, बघा, मादप्पाच. मीही म्हटलं. वनजाक्षी कधी नव्हे ती कॅन्टीनच्या बाकाला टेकून कॉफी प्यायला लागली. बसली नाही, टेकली.

आयुधपूजेच्या दिवशी तिने सर्व्हरला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं. जनरेटरपुढे कोहळा फोडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "माळ तरी घालायला हवी होती ना कुणीतरी?" मग स्वतःच्या केसांतला गजरा काढून जनरेटरच्या हँडलला गुंडाळला. तो एवढासा गजरा त्या धुडावर अगदी केविलवाणा दिसत होता.

दसरा उलटला, हवा कोरडी झाली, माल लोटला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नवा मोसम, नवे रीलर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पहिल्याच मोठ्या बाजाराच्या दिवशी मी घंटेच्या दोरीला हात घातला आणि पडदा काळा. वीज गेली नव्हती. जनरेटर बंद होता. दांड्याला कुणी हातही लावला नव्हता.

मी काचेतून वनजाक्षीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या आठवड्यात बाजारात राहणं म्हणजे शिक्षा होती. एकेका दिवशी दोनदोनदा. शेतकरी आता माझ्यावर ओरडत नव्हते, नुसते गप्प बसून काचेच्या खोलीकडे बघायचे. ते जास्त वाईट. आमचे बाजार अधिकारी तिम्मराजू, त्यांना सगळे सार म्हणजे सर म्हणतात, त्यांनी शेवटी बेंगळूरूहून एक माहितगार बोलावला. शांत, चष्मेवाला माणूस. त्याने बराच वेळ मशीनमध्ये डोकं घातलं आणि कॉफी मागवून म्हणाला, "हे मशीन मरत नाहीये, मॅडम. वीजही तुटत नाही. त्याला कुणीतरी हुकूम देतंय. बंद हो, परत सुरू हो. आणि ते गुमान ऐकतंय."

"कोण देतंय?" सारांनी विचारलं.

माणूस जरा चाचरला. "नाव यांचं दिसतंय. वनजाक्षी."

"मी?" वनजाक्षी म्हणाली. "मी तर इथे उभी असते! सगळ्यांसमोर! काचेची खोली आहे ही!"

"मी फक्त काय दिसतं ते सांगतो, मॅडम. मला दोन दिवस द्या, आणखी खोल बघतो."

दोन दिवस कोण देतो? कॉफी घेऊन आलेल्या पोऱ्याने ऐकलं, म्हणजे संध्याकाळच्या आत सगळ्या तालुक्याने ऐकलं. मुनव्वर पाशा नावाचा मोठा रीलर आहे आमच्याकडे. मशीन पडल्यानंतरच्या पडत्या फेरीत त्याने दोनतीनदा चांगला माल उचलला होता. झालं, जुळली गोष्ट. पाशाने वनजाक्षीला साडी दिली, सोन्याची साखळी दिली, प्लॉट घेऊन दिला. प्रत्येक टपरीवर देणगी वाढत गेली.

पाशा हॉलच्या मध्यावर उभा राहून ओरडला, "अरे, साडी द्यायची असती तर आधी घरी नसती दिली? माझी बायको रमजानपासून मागतेय! आता ती विचारते, त्या अक्काला कोणत्या रंगाची दिलीत म्हणून. घरी जायचे वांधे केलेत तुम्ही माझे!"

लोक हसले, पण वनजाक्षीकडे बघून कुणी हसलं नाही. सारांनी तिला बोलावून सांगितलं की पुढच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी शेतकरी जमून निर्णय मागणार आहेत, तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर खोलीची किल्ली द्यायची आणि वर तक्रार जाईल. बापाने जिथे चोख माल विकला तिथे मुलगी चोर म्हणून निघणार. ती मला म्हणाली, "राजण्णा, नोकरी गेली तर जाऊ दे. पण आईला गावात तोंड कसं दाखवायचं?"

मग म्हणाली, "मादप्पालाही असंच झालं असेल ना?"

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो. 

तिने त्या दिवसांत पासवर्ड बदलला, परत बदलला. खोलीला आतून कडी लावली. फेरी चालू असताना कीबोर्डची वायर काढून हातात धरून उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. तरी मशीन पडलं. ती वायर तशीच हातात धरून ती रडवेल्या तोंडाने काचेमागे उभी, आणि बाहेर एकजण म्हणतोय, "नाटक छान जमतं."

निर्णयाच्या आदल्या दिवशी बाजार लवकर उरकला. कॅन्टीनमध्ये चिक्कबोरय्या बसला होता, त्याच्या भोवती चारपाच जण. वनजाक्षी एका कोपऱ्यात ग्लास घेऊन उभी. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चिक्कबोरय्या आपल्या नव्या सुनेची कहाणी सांगत होता. सून शहरातली, अळ्या कधी बघितलेल्या नाहीत, पण कामाची भारी हौस.

"आम्ही सगळे लग्नाला गेलेलो," तो सांगत होता, "शेड तिच्यावर सोपवून. अळ्या नेमक्या तापाला बसलेल्या."

तापाला बसणं म्हणजे कात टाकायच्या आधीची झोप. आमच्याकडे त्याला तापच म्हणतात. अळी पाला सोडते, डोकं वर करून दगडासारखी पडून राहते, हलवली तरी हलत नाही. तेव्हा तिला हात लावायचा नसतो, पाला घालायचा नसतो. आपलं काम करून ती आपोआप उठते.

"ही गेली पाला घालायला. एकही खाईना. हिने काडीने ढोसलं. एकही हलेना. हाका मारल्या म्हणे! कुणी ओ देईना. मग काय, मेल्या समजून बाईसाहेबांनी सगळ्या ट्रे झाडून उकिरड्यावर, शेड धुऊन लख्ख, आणि मला फोन, मामा, घाबरू नका, मी सगळं साफ केलंय, आता नव्या आणा!"

सगळे पोट धरून हसले. एकजण म्हणाला, "बोरय्या, सुनेला आता बाजारात पाठव, सर्व्हर सांभाळायला." परत हशा. मीही हसलो, मग वनजाक्षीकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. ग्लास तिने बाकावर ठेवला, तो निम्मा सांडला. "ओ देईना म्हणून," ती पुटपुटली आणि पळाली. पदर खोचायचीही वाट बघितली नाही.

मी खोलीत पोहोचलो तेव्हा ती पडद्यासमोर खुर्चीवर बसली होती. बसलेली! मला आधी तेच कळेना की खोलीत काय वेगळं दिसतंय.

"राजण्णा, हे बघा."

पडद्यावर पाचसात ओळी. मला काय कळणार? तिने सांगितलं ते असं. तिची मुलगी तान्ही होती तेव्हा ती घर नि बाजार करून मेटाकुटीला आली होती. सर्व्हर कधीमधी गोठून पडायचा आणि तो परत सुरू करायला तिला दूध पाजता पाजता धावत यावं लागायचं. म्हणून तिने एक राखणदार बसवला. माणूस नव्हे, मशीनच्या आतच. त्याचं काम एवढंच की दर थोड्या वेळाने डेटाबेसला हाक मारायची, जागा आहेस का? ओ आली तर गप्प बसायचं. नाही आली तर मेला समजून सगळं मशीन बंद करून परत सुरू करायचं. हुकूम तिच्या नावाने. मुलगी मोठी झाली, शाळेत जायला लागली, आणि ही राखणदाराला साफ विसरून गेली. पासवर्ड बदलून त्याला काय फरक पडणार? तो घरातलाच.

"तेव्हा रीलर थोडे होते," ती म्हणाली. "आता केवढे वाढलेत. आणि बोली कशी लावतात तुम्हाला माहितीये."

मला माहितीये. पूर्वी टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचे, तेव्हापासून आमच्या रीलरांना एक खोड आहे. आपला भाव शेवटपर्यंत दाखवायचा नाही. आजही मोबाइल टॉवेलखाली धरून बसतात, आणि मी दोरीला हात घातला की सगळे एकदम बटण दाबतात. तेवढ्या बोल्या एका क्षणात अंगावर आल्या की डेटाबेस त्यांत बुडून जातो. काम करत असतो, पण हाकेला ओ द्यायला त्याला फुरसत नसते. आणि राखणदार म्हणतो, मेला. झाडून टाका उकिरड्यावर.

"तो कामात होता, राजण्णा," ती म्हणाली. "तापाला बसला होता. मीच त्याला दर वेळी मारत होते. रेशमाच्या घरात जन्मून!"

तिने त्या ओळी पुसल्या. पुसायला एक क्षणही लागला नाही.

तिम्मराजू सारांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. सुटलो, असा चेहरा. "उत्तम. आता कुणाला काही बोलू नकोस. बेंगळूरूच्या माणसाने दुरुस्त केलं म्हणू. तो येऊन गेलाच आहे."

"आणि मादप्पा?"

"मादप्पाचं काय? त्याचं वय झालंच होतं. विषय संपला. राजण्णा, तूही ऐकलंस ना?"

मी मान हलवली. माझीही नोकरी आहे. वनजाक्षी सारांच्या खोलीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "स्कूटर काढा."

मादप्पाचं घर तळ्याच्या अंगाला. तो ओसरीवर नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, खात बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्हाला बघून धडपडत उठला, हात धुतला आणि टॉवेल आणखी घट्ट केला. त्याच्या बायकोने चटई टाकली. वनजाक्षी उभीच.

"मादप्पा, चूक तुमची नव्हती. दांड्याची नव्हती. माझी होती."

"असू दे अक्का. झालं गेलं."

"असू दे नाही. ऐका माझं. मशीनमध्ये मीच एक गोष्ट ठेवली होती, ती बंद पाडत होती. तुमच्या हाताचा काही संबंध नाही."

मादप्पा समजूतदारपणे हसला, आजारी माणसाला भेटायला आलेले लोक हसतात तसा. "तुम्ही भल्या आहात अक्का, म्हणून घरापर्यंत आलात. पण मी गेल्यावर मशीन सुधारलं, हे मला कळलं की."

त्याची बायको दाराआडून म्हणाली, "दिवसभर हात बघत बसतात. मला म्हणतात, बघ गं, आता थरथरतोय का? मग मादेश्वराच्या डोंगरावर चालत गेले, अनवाणी. केस देऊन आले."

तेव्हा वनजाक्षीला कळलं की टॉवेल कशासाठी आहे. मादप्पाने तो ओशाळून काढला. डोकं गुळगुळीत, कानशिलाजवळ नुकते पांढरे खुंट फुटत होते.

"काय करू अक्का," तो म्हणाला. "मला वाटायचं दांडा सरळ ओढला. पण एवढी माणसं म्हणतात म्हणजे हात कापला असणार. बोरय्याचा पोटचा घास गेला ना. देवाला म्हटलं, माझ्या हातून काय झालं ते मला दिसत नाही, पण झालंय. पदरात घे."

वनजाक्षीने तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "झालं नाही, मादप्पा. आईशप्पथ नाही झालं."

तो माझ्याकडे वळला. "खरं असतं तर राजण्णा माईकवर बोलला असता."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण तो मला टोमणा मारत नव्हता. इथे जे पुकारलं जात नाही ते झालेलंच नसतं, एवढंच तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. निर्णय मागायला आलेले शेतकरी, तमाशा बघायला आलेले रीलर. सारांनी मला कागद दिला होता, बेंगळूरूच्या तज्ज्ञांनी दुरुस्ती केल्याचा. मी माईक चालू केला, कागद उघडला, आणि बाजूला बघतो तर वनजाक्षी. तिने हात पुढे केला. मी सारांकडे पाहिलं. ते मानेने नाही, नाही म्हणत होते. मी तिला माईक दिला. आता विचाराल तर सांगतो, देताना माझेच हात कापत होते.

"मी वनजाक्षी," ती म्हणाली. आवाज फाटला, परत म्हणाली. "मशीन बाहेरच्या कुणी बंद पाडलं नाही. पाशाभाईंनी नाही. मादप्पांनी तर नाहीच. मी एक राखण ठेवली होती आणि विसरले. तुम्ही सगळे शेवटी एकदम बोली लावता, तेव्हा मशीन कामात असायचं. राखणदार त्याला मेलेलं समजायचा. बोरय्या मामा, तुमच्या सुनेसारखं. मशीनने ओ दिली नाही म्हणून त्याने मारलं, आणि मी मादप्पांचं काही न ऐकता त्यांना घरी बसवलं. त्यांचा हात थरथरतो असं सगळ्यांसमोर बोलले. ते खोटं होतं. आता मला ठेवायचं का काढायचं ते तुम्ही ठरवा. पण त्यांना परत बोलवा."

  मग चिक्कबोरय्या उठला आणि म्हणाला, "सुनेला नावं ठेवायची सोय राहिली नाही आता मला." लोक हसू की नको अशा बेतात होते, तोच मागच्या दाराकडून आवाज आला.

"मग माझे केस उगाच गेले म्हणा की."

मादप्पा दारात उभा होता. टॉवेल हातात, डोकं उघडं. तो कधी येऊन उभा राहिला कुणाला कळलं नाही. आधी पाशा हसला, मग सगळा हॉल. ज्यांनी त्याचा हात थरथरताना बघितला होता तेही हसले. मादप्पाही हसला, डोक्यावरून हात फिरवत, आणि तो हात खाली घेऊन त्याने त्याच्याकडे एकदा बघितलं.

वनजाक्षी हसत नव्हती. माईक तिच्या हातात तसाच होता आणि तिचं रडणं सगळ्या बाजारभर, बाहेर टेम्पो उभे राहतात तिथपर्यंत ऐकू जात होतं. माईकचं बटण टेबलावर माझ्या बोटाखाली होतं. मी ते बंद केलं नाही.